डीपीएफचा दिवा, गवंड्याची नळी आणि "फिल्टर बदला" : माझा अनुभव

डॅशवर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागला आणि ट्रॅक्टरने दम सोडला, की सर्व्हिस सेंटरमधून ठरलेलं उत्तर येतं : "फिल्टर चोक आहे, बदला." दाब किती आला, इंजिन बंद असताना किती दिसत होता, कुठल्या आरपीएमला मोजला, हे विचारलं की समोरचा लॅपटॉप मिटवतो. लॅपटॉपवाल्याची वाट बघत ऐन चिखलणीत ट्रॅक्टर खळ्यात उभा ठेवायचा आणि शेवटी मोजमापाशिवायचा निकाल ऐकायचा, याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून फिल्टरचा खर्च मान्य करण्याआधी आपल्या आपण काय मोजता येतं ते लिहितो.

५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यातल्या सगळ्यांना डीपीएफ नाही, काहींचं नुसत्या ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) आणि डीओसी (धुरातलं न जळलेलं इंधन जाळणारा कॅटॅलिस्ट) यांवर भागतं. तेव्हा आधी आपल्या मॉडेलला तो आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. असेल तर सायलेन्सरच्या डब्यात पुढे डीओसी आणि मागे जाळीदार सिरॅमिकचा डीपीएफ असतो. जाळीची भोकं एकाआड एक बुजवलेली असतात, धूर भिंतीतून झिरपतो आणि काजळी अडकते. एक्झॉस्ट २५० ते ४०० अंशांवर राहिला तर ती काजळी काम करता करता हळूहळू जळते. नाही राहिला तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, उशिराने जादा डिझेल मारतो, ते डीओसीत पेटतं, तापमान ५५० ते ६०० वर जातं आणि काजळी जळून जाते. हेच रीजन.

आपल्याकडे गोची इथेच होते. कुणगा छोटा, दर दोन मिनिटांनी वळण, मध्ये बांधावर आयडलला उभं राहून गप्पा. मेमध्ये आंब्याच्या पेट्यांची हलकी ट्रॉली. एक्झॉस्ट तापतच नाही. चिऱ्यांनी भरलेली ट्रॉली अर्धा तास चढावर ओढली की तो आपोआप तापतो. त्यामुळे दिवा नुसता लागलेला असेल, मिचमिचत नसेल आणि ताकद शाबूत असेल, तर आधी तसं जड काम देऊन बघा.

दिवा तरी जात नसेल तर पहिली गोष्ट रीजन बंद ठेवण्याचं बटण. पेंढ्याजवळ काम करताना कुणीतरी ते दाबतो आणि विसरतो, मग महिनाभर रीजन होत नाही. दुसरी, ऑइलची काडी. पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर रीजन वारंवार सुरू होतंय आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतंय. असं पातळ ऑइल घेऊन रोटाव्हेटर चालवू नका, बेअरिंगं जातील. तिसरी, इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात पांढरं फडकं फिरवा. चांगल्या डीपीएफमागे फडकं जेमतेम मळतं. काळंकुट्ट झालं तर जाळीला तडा गेलाय, आणि तेव्हा मात्र सर्व्हिस सेंटरचं म्हणणं खरं.

आता डीपी, म्हणजे दाबातला फरक मोजणाऱ्या, सेन्सरकडे. सगळं घोडं इथे अडतं.

फिल्टर किती भरला हे ईसीयूला दोन वाटांनी कळतं. एक, इंजिन कसं आणि किती चाललं यावरून त्याने मांडलेला हिशोब. दोन, फिल्टरच्या पुढच्या आणि मागच्या दाबातला फरक. हा फरक मोजणाऱ्या सेन्सरला दोन नळ्या येतात, खाली लोखंडी आणि वर रबरी. सेन्सर खोटं बोलला तर ईसीयूला रिकामा फिल्टरही भरलेला वाटतो. मग तो रीजनमागून रीजन लावतो, डिझेल खातो, ऑइल पातळ करतो आणि शेवटी ताकद कापतो. लक्षणं चोक फिल्टरची, फिल्टर धडधाकट.

पहिली मोजणी फुकटची आहे. चावी ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर (ईसीयूतले आकडे दाखवणारं यंत्र) डीपी वाचा. ०.२-०.३ किलोपास्कल इकडेतिकडे चालेल, पण उत्तर शून्य हवं. हवाच वाहत नाही तर फरक कुठून येणार? माझ्या ट्रॅक्टरवर इथेच ३ दिसत होते. सर्व्हिसवाल्याच्या स्क्रीनवरही तोच आकडा, पण त्याने इंजिन चालू केल्यानंतरचाच वाचला. स्कॅनर नसेल आणि सेन्सर तीन तारांचा असेल, तर मल्टिमीटरवर एक तार ५ व्होल्ट, एक अर्थिंगची आणि सिग्नलच्या तारेवर शून्य दाबाला साधारण अर्धा ते एक व्होल्ट यायला हवं.

शून्य चुकलं तर दोन्ही नळ्या सेन्सरपासून सोडवा आणि परत वाचा. आकडा शून्यावर आला तर दोष नळीत. ती सेन्सरच्या खाली लोंबत असेल तर पाणी साठतं, आणि १० सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळपास १ किलोपास्कलचा घोळ. पावसाळ्यात उभ्या ट्रॅक्टरात हे हमखास होतं. नळीचा उतार सेन्सरकडून एक्झॉस्टकडे सलग हवा. नळ्या सोडूनही आकडा हलला नाही तर कनेक्टर उघडा. खाडीकाठच्या खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात आणि वायरिंग उंदीर कुरतडतात. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करूनही शून्य येत नसेल तर सेन्सर बदला. फिल्टरच्या मानाने त्याची किंमत किरकोळ आहे.

शून्य बरोबर असलं तरी नळी चोक असू शकते. लोखंडी भागात काजळीचा गोळा बसतो. सेन्सरची बाजू सोडवून एक्झॉस्टच्या दिशेने हलकी हवा मारा. सेन्सर जोडलेला असताना कॉम्प्रेसर कधीच लावू नका, आतला पडदा फाटतो.

आणि आता लॅपटॉपवाल्याचं तोंड बंद करणारी मोजणी : गवंड्याची लेव्हलची नळी. चार मीटर पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखी फळीला बांधा, थोडी शाई टाकलेलं पाणी निम्म्यापर्यंत भरा. सेन्सरच्या दोन्ही नळ्यांत सेन्सरपाशी टी-जोड घालून तिची दोन तोंडं जोडा. एक्झॉस्टजवळ जोडू नका, प्लास्टिक वितळेल. दोन बाजूंच्या पाण्यातला फरक सेंटिमीटरमध्ये मोजा आणि दहाने भागा, किलोपास्कल आले. पाणी नाचतं, मधली रेघ वाचा. रेस हळूहळू वाढवा, झटका दिलात तर पाणी नळीत उडेल. आयडलवर चांगल्या फिल्टरला १ च्या आत येतं, पण आयडलवर निकाल देऊ नका. तिथे हवेचा प्रवाहच कमी, भरलेला फिल्टरही साळसूद दिसतो. पूर्ण रेसला वाचा आणि मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडा. माझ्याकडे पूर्ण रेसला स्क्रीनवर ६ होते आणि नळीवर ३१ सेंटिमीटर, म्हणजे ३ च्या आसपास. वरचे ३ सेन्सरने घरचे घातलेले. हा फोटो दाखवल्यावर फिल्टरचं कोटेशन गुपचूप मागे गेलं. म्हणून सांगतो, इंजिन बंदचा आकडा, पूर्ण रेसचा आकडा आणि काजळीची टक्केवारी, तिन्ही जॉबकार्डवर लिहून मागा. मिळेपर्यंत सही करू नका.

नळीवर दाब खरोखरच जास्त आला तर उभ्याने रीजन. न्यूट्रल, हँडब्रेक, पीटीओ (अवजार फिरवणारा दांडा) बंद, इंजिन गरम, टाकीत पुरेसं डिझेल. अर्धा-पाऊण तास धरा. सायलेन्सरमधून भट्टीसारखी हवा येते, तेव्हा उडवी, मांगर, कलमांखालचा सुका पाला यांपासून लांब, उघड्या कातळावर उभा करा. काजळी फारच साठली असेल तर ईसीयू नकार देतो, आणि तो बरोबर असतो. एकदम पेटली तर जाळी वितळते.

रीजननंतर दाब उतरून काही तासांत परत चढला तर इंजिनातलं काजळीचं कारण शोधा : उघडा अडकलेला ईजीआर, गळका इंजेक्टर, टर्बोची फाटकी होज, चोक एअर फिल्टर. दाब उतरलाच नाही तर तापमान बघा. डीओसीत शिरताना २५० च्या वर आणि बाहेर पडताना वाढ नाही, तर डीओसी गेला किंवा डिझेल पोहोचत नाही. तापमानाचे सेन्सर तपासायला सकाळचं थंड इंजिन उत्तम, सगळ्यांनी जवळपास एकच आकडा दाखवायला हवा.

तापमान ठीक, रीजन पूर्ण, तरी दाब तसाच, तर ती राख. राख ऑइलमधल्या रसायनांची, ती जळत नाही. फिल्टर उतरवून भट्टीत भाजून उलट्या दिशेने हवा मारून साफ करतात. त्यासाठी बहुधा घाटावर पाठवावा लागतो. पाठवताना वजन करा, आल्यावर परत करा. वॉशिंगच्या पंपाखाली धरू नका, पाण्याने राखेचा चिखल होऊन जाळीत घट्ट बसतो. बसवताना बाण धुराच्या दिशेने, गॅस्केट नवी, आणि ईसीयूतला राखेचा हिशोब शून्य करून घ्या. तो विसरले तर दिवा लवकरच परत.

"जाळी काढून पोकळ करून देतो" म्हणणाऱ्याला घरी पाठवा. ईसीयूला ते कळतं आणि वॉरंटीही जाते.

आणि ऑइल. सेन्सर बदलला तरी डिझेल मिसळलेलं जुनं ऑइल फिल्टरसकट बदलायचंच. कॅनवर सीके-४ किंवा सीजे-४ हा कमी राखेच्या ऑइलचा दर्जा लिहिलेला बघा. सीजे-४ ला सल्फेटेड राखेची मर्यादा १ टक्का आहे. दुकानदार "हे पण चालतं" म्हणून जुन्या ट्रॅक्टरांचं स्वस्त ऑइल पुढे करतो, ते घेऊ नका.