सभागृहापासून किती पावलं

मी आर्किटेक्ट आहे. गेली सव्वीस वर्षं सार्वजनिक इमारतींचे नकाशे काढते आहे. राजकारण हा काही माझा अभ्यासाचा विषय नाही. पण एखादी इमारत कुणासाठी बांधली आणि बांधताना कोण लक्षातच नव्हतं, हे नकाशा उलगडला की मला पाच मिनिटांत कळतं. राजकारणात बायकांची जागा कशी बदलत गेली, हेही मला असंच, नकाशांवरूनच समजत गेलं. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका शहराच्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहाचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. दुसऱ्या मजल्यावर सभागृह, त्याला लागून अध्यक्षांची खोली, मागे सदस्यांची बसायची खोली आणि स्वच्छतागृह. आमच्या हातात जी गरजांची यादी दिली होती, तिच्यात ‘सदस्यांचे स्वच्छतागृह – 1’ एवढंच लिहिलं होतं. ते मी पुरुषांचं धरलं. बायकांचं तळमजल्यावर, लोक दाखले घ्यायला येतात त्या काउंटरच्या बाजूला होतंच. पाण्याच्या आणि मैल्याच्या पाइपांची शाफ्ट तिथेच येत होती, खर्चही वाचत होता. नकाशा तिघांनी तपासला, सह्या झाल्या, इमारत उभी राहिली. तपासणाऱ्या तिघांपैकी कुणालाच काही खटकलं नाही. आणि तो काढणारी मी, एक बाई होते.

नऊ वर्षांनी गच्चीची गळती बघायला पुन्हा त्या इमारतीत गेले. जिन्यात एका सदस्यांनी मला थांबवलं. पन्नाशीच्या असतील. “हा नकाशा तुम्हीच काढला होता ना?” मी हो म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “मागच्या सभेत माझ्या वॉर्डाच्या पाइपलाइनवर बोलायला मी नाव दिलं होतं. आधीचा विषय लांबला म्हणून खाली जाऊन आले. वर येईपर्यंत माझा विषय मंजूरसुद्धा झाला होता. घंटा खाली ऐकूच येत नाही हो.”

मी त्यांच्याबरोबर खाली गेले आणि परत वर येताना मोजत आले. त्रेचाळीस पायऱ्या, शिवाय एकसष्ट पावलं. पुरुषांच्या स्वच्छतागृहाचं दार त्यांच्या खुर्चीपासून अकरा पावलांवर होतं.

त्या दिवसापासून जगातली सभागृहं मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. निवडून येणं, कायदा होणं, मतदानाचा हक्क मिळणं, या गोष्टींच्या तारखा पुस्तकात सापडतात. पण दार उघडलं म्हणजे आत जागा झाली असं नसतं. जागा व्हायला बऱ्याचदा आणखी पन्नास, ऐंशी वर्षं लागतात.

लंडनच्या हाऊस ऑफ कॉमन्सचं उदाहरण सगळ्यात चांगलं, कारण तिथे इतिहास अगदी बांधकामात दिसतो. 1778 पासून तिथल्या प्रेक्षकांच्या गॅलरीत बायकांना बसू देत नसत. तरीही ऐकायची इच्छा होतीच. मग त्या छताच्या वर, माळ्यावर जायच्या. खालच्या झुंबराची गरम हवा निघून जावी म्हणून तिथे एक झरोका केलेला होता. त्याच्याभोवती वाकून, डोकं आत घालून त्या खालची चर्चा ऐकायच्या. धूर, उष्णता आणि खालून दिसणारी डोकी. त्या जागेला नावच ‘व्हेंटिलेटर’ पडलं होतं. 1834 च्या आगीत ती इमारत जळाली.

नवी इमारत चार्ल्स बॅरी यांनी उभारली, आणि तिच्यात बायकांसाठी वेगळी गॅलरी आली. ही सुधारणाच म्हणायची. पण ती गॅलरी खूप वर, सभापतींच्या खुर्चीच्या मागच्या बाजूला होती आणि तिच्यापुढे धातूची जड जाळी बसवलेली होती. खालच्या सदस्यांना बायका दिसू नयेत, त्यांचं लक्ष विचलित होऊ नये, हा उद्देश. लोक तिला ‘पिंजरा’ म्हणत. 28 ऑक्टोबर 1908 ला म्युरिएल मॅटर्स आणि हेलन फॉक्स या दोघींनी स्वतःला साखळ्यांनी त्या जाळीला बांधून घेतलं आणि मताच्या हक्कासाठी वरून बोलायला सुरुवात केली. कुलपं निघेनात, तेव्हा शिपायांना जाळीच काढावी लागली. त्या जाळीच्या तुकड्यांसकट दोघींना दुसऱ्या खोलीत नेलं आणि तिथे साखळ्या तोडल्या. बांधकामातला माणूस म्हणून मला ही घटना फार मोठी वाटते. भिंत हलत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःला भिंतीचाच भाग करून टाकलं. उरलेली जाळी 1917 मध्ये उतरवली.

साखळ्यांच्या त्या घटनेनंतर तीन वर्षांनी, मताच्या हक्कासाठीच लढणाऱ्या एमिली वाइल्डिंग डेव्हिसन यांनी याच इमारतीतली आणखी एक जागा शोधली. 1911 च्या जनगणनेच्या रात्री त्या तळघरातल्या प्रार्थनागृहाच्या झाडू-बादल्या ठेवायच्या कपाटात लपून राहिल्या, जेणेकरून त्या रात्रीचा त्यांचा पत्ता म्हणून पार्लमेंटची नोंद व्हावी. तशी नोंद झालीसुद्धा. माळा, पिंजरा, मग कपाट. तोपर्यंतच्या सगळ्या जागा अशा.

1918 मध्ये तीस वर्षांवरच्या काही बायकांना मत मिळालं. त्याच वर्षी आयर्लंडमधून कॉन्स्टन्स मार्किव्हिच निवडून आल्या. निकाल लागला तेव्हा त्या तुरुंगात होत्या, आणि ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बसायचं नाही या आपल्या आयरिश पक्षाच्या भूमिकेनुसार त्यांनी ती जागा घेतलीच नाही. डिसेंबर 1919 मध्ये नॅन्सी अ‍ॅस्टर प्रत्यक्ष आत जाऊन बसल्या. जवळजवळ दोन वर्षं त्या एकट्या होत्या. बायका सदस्यांना काम करायला म्हणून जी खोली मिळाली, ती इतकी अंधारी आणि कोंदट होती की तिला ‘थडगं’ म्हणत. संख्या वाढत गेली तरी खोली तीच. एका टेबलाभोवती दाटीवाटीने बसून जमिनीवर कागद पसरून काम चालायचं, हे वाचताना मला माझ्या यादीतला तो ‘1’ आठवत राहिला.

याच्या उलट फिनलंड. 1906 मध्ये तिथे मत देण्याचा आणि उभं राहण्याचा हक्क एकदमच मिळाला, आणि 1907 च्या निवडणुकीत 200 पैकी 19 बायका आल्या. जगातल्या पहिल्या महिला खासदार त्याच. त्यांच्यात मीना सिल्लनपा होत्या. लहानपणी कारखान्यात आणि नंतर घरकामाला राहिलेली ही बाई 1926 मध्ये मंत्री झाली. एकटी असणं आणि एकोणीस जणी असणं यात केवढा फरक आहे! एकटीला सगळे बघतात, तिचे कपडे, तिची टोपी. एकोणीस जणी झाल्या की त्यांच्यात एकमेकींशी मतभेद होतात, आणि मला वाटतं तिथेच खरं राजकारण सुरू होतं. तेव्हा कुठे ‘बाई काय म्हणते’ याऐवजी ‘ही काय म्हणते आणि ती काय म्हणते’ असं ऐकू येतं.

न्यूझीलंडचा क्रम उलटा होता. केट शेपर्ड आणि त्यांच्या सहकारी बायकांनी मताच्या हक्कासाठी 1893 मध्ये जे अर्ज दिले, त्यांवर मिळून जवळजवळ 32,000 सह्या होत्या. त्यातल्या सगळ्यात मोठ्या अर्जाची, कागदाला कागद चिकटवून, सुमारे 270 मीटर लांबीची गुंडाळी केली होती. सभागृहात सदस्य जॉन हॉल यांनी ती मधल्या मोकळ्या जागेत सोडून दिली आणि ती उलगडत जाऊन समोरच्या भिंतीवर आदळली, असं सांगतात. आमच्या ऑफिसात ट्रेसिंग पेपरचा रोल हातातून सुटला की तो असाच खोलीभर पळतो, म्हणून तो आवाज मला ऐकू येतो. त्या वर्षी बायकांना मत मिळालं. पण उमेदवार म्हणून उभं राहायला मात्र 1919 उजाडलं आणि पहिली बाई निवडून आली ती 1933 मध्ये. एलिझाबेथ मॅककॉम्ब्स. नवऱ्याच्या मृत्यूने रिकामी झालेल्या जागेवर.

हे नवऱ्याच्या जागेचं प्रकरण पुन्हा पुन्हा भेटतं. अ‍ॅस्टर यांचे पती वरच्या सभागृहात गेले म्हणून ती जागा मोकळी झाली. जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान, श्रीलंकेच्या सिरिमाव्हो भंडारनायके, 1960 मध्ये पदावर आल्या त्या पतीच्या हत्येनंतर. याला काही जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. बायकांसाठी वेगळं दार ठेवलेलंच नव्हतं, तेव्हा घरातून जाणारं एकच दार उघडं होतं. त्यातून त्या आत शिरल्या आणि भंडारनायके तर तीनदा पंतप्रधान झाल्या. त्याच दारातून येणाऱ्या मुलांना आणि पुतण्यांना कुणी हा प्रश्न विचारत नाही.

भिंत नसतानाही माणसांना बाहेर ठेवता येतं, हे मला स्वित्झर्लंडने शिकवलं. तिथे 1959 च्या सार्वमतात पुरुषांनी बायकांचा मताधिकार नाकारला आणि 1971 मध्ये मान्य केला. पण आपेनझेल इनरऱ्होडन या छोट्या प्रांतात प्रांतिक मतदान उघड्या चौकात, हात वर करून होतं. पुरुषाने कमरेला वंशपरंपरेने आलेली तलवार किंवा कट्यार लावली की तोच त्याचा मतदानाचा पुरावा. ना छप्पर, ना दरवाजा. फक्त माणसांचं कडं. एप्रिल 1990 मध्येही त्या कड्यातल्या पुरुषांनी बायकांना नकार दिला. शेवटी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संघीय न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा कुठे बायका आत उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे तलवार नसते, त्या मतदार असल्याचं कार्ड दाखवतात. 1990! मी तेव्हा शाळेत होते. चौक आखायला सांगितला तर मी नुसती चार रेघांची मोकळी जागा काढेन. त्या मोकळ्या जागेत इतकी उंच भिंत असू शकते हे माझ्या कुठल्याच नकाशात दाखवता येणार नाही.

राखीव जागांबद्दल माझं मत पूर्वी डळमळीत होतं. आता नाही. 2003 च्या रवांडाच्या राज्यघटनेने निर्णय घेणाऱ्या संस्थांत किमान 30 टक्के बायका असायला हव्यात असं ठरवलं. 2008 मध्ये तिथलं कनिष्ठ सभागृह जगातलं पहिलं असं झालं, जिथे बायका निम्म्याहून अधिक आहेत. जगभरातल्या संसदांत बायकांचा वाटा 1995 मध्ये 11.3 टक्के होता, 2025 च्या सुरुवातीला तो 27 टक्क्यांच्या थोडा वर गेला. तीस वर्षांत एवढंच. आपोआप होईल म्हणून थांबणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. रवांडात नियमावर सही झाल्यापासून पाच वर्षांत जे झालं, ते जगाच्या सरासरीला तीन दशकांत जमलेलं नाही. सत्ता त्या सभागृहाकडे खरोखर किती असते, हा पुढचा प्रश्न आहे आणि तो विचारायलाच हवा. पण आधी खुर्चीवर बसायला तर मिळालं पाहिजे.

आणि संख्या वाढली की मगच भिंती हलतात, हे मी आता खात्रीने सांगू शकते. अमेरिकेत प्रतिनिधिगृहावर पहिली बाई, जेनेट रँकिन, 1916 मध्ये निवडून आल्या. सिनेटच्या सभागृहाजवळ बायका सदस्यांसाठी स्वच्छतागृह 1993 मध्ये झालं, 1992 च्या निवडणुकीत बायकांची संख्या एकदम वाढल्यावर. प्रतिनिधिगृहाच्या दालनाजवळचं तर 2011 मध्ये. पंचाण्णव वर्षं! ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या सभागृहातून 2003 मध्ये सदस्य कर्स्टी मार्शल यांना अकरा दिवसांच्या बाळासकट बाहेर जावं लागलं, कारण नियमाप्रमाणे ते बाळ ‘बाहेरची व्यक्ती’ होतं. चौदा वर्षांनी त्याच देशाच्या सिनेटमध्ये लॅरिसा वॉटर्स यांनी बाळाला दूध पाजता पाजता ठराव मांडला. लंडनमध्ये 2010 साली पार्लमेंटच्या एका बारच्या जागी पाळणाघर सुरू झालं. माळ्यावरच्या झरोक्यापासून पाळणाघरापर्यंत, एकाच संस्थेच्या नकाशात.

त्या सदस्यांना भेटून आल्यावर मी त्या कार्यालयाला पत्र लिहिलं. सभागृहाशेजारच्या फायलींच्या खोलीत बायकांचं स्वच्छतागृह करता येईल, भिंतीच्या पलीकडूनच पाइप जातो, असा नकाशाही सोबत जोडला, फी न घेता. मंजुरीला चार वर्षं लागली. तोपर्यंत त्यांचा कार्यकाळ संपला होता. काम झाल्याचं मी त्यांना फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, “बरं केलंत. आता सोळा जणी आहेत तिथे.”

सध्या माझ्या टेबलावर आणखी एका सभागृहाचा नकाशा आहे. यादी आली तेव्हा स्वच्छतागृहांपुढे या वेळीही आकडा एकच होता. मी तो खोडून दोन ओळी केल्या, आणि सदस्यांच्या खोलीच्या बाजूला बाळाला पाजायची एक छोटी खोली घातली. मग प्रत्येक ठिकाणी, तळमजल्यावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहातसुद्धा, घंटेची खूण केली. विजेचं काम बघणारा मुलगा नकाशावर वाकून म्हणाला, “मॅडम, इथे घंटा कशाला?” मी त्याला त्रेचाळीस पायऱ्यांची गोष्ट सांगितली. त्याने पेन्सिल घेतली आणि वायरची रेघ खालपर्यंत वाढवली.