पंपात आता नवीन काय राहिलंय?

लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस विचारतो, कुठं असता? पंपाच्या कंपनीत, डिझाइनला, म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "पंपात आता नवीन काय शोधायचं राहिलंय हो?" हातात जिलबी असताना याचं उत्तर जमत नाही. तुम्ही निवांत विचारलंत म्हणून सांगतो.

कागदावर फारसं काही राहिलेलं नाही. गणितं जुनी आणि पक्की आहेत. ती साइटवर का बिघडतात, यातच आमची निम्मी नोकरी जाते.

एका साखर कारखान्यातला इंजेक्शन वॉटरचा, म्हणजे वाफ थंड करायला पाणी पुरवणारा, पंप होता. दर सीझनला इंपेलरची, म्हणजे आतल्या पाणी फेकणाऱ्या फिरत्या चाकाची, चाळणी व्हायची. आवाज तर असा, की पंपाच्या केसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, कुणी खडी ओतलीय. याला कॅव्हिटेशन म्हणतात. इंपेलरच्या तोंडाशी दाब इतका उतरतो, की पाणी तापवल्याशिवायच उकळतं. वाफेचे बुडबुडे पुढं जास्त दाबात शिरले की फुटतात, आणि फुटताना धातू ओरबाडतात. त्यात पाणी स्प्रे पाँडचं, म्हणजे वापरलेलं पाणी फवारून गार करायच्या तळ्यातलं; ते कोमट, म्हणजे उकळायला आधीच टेकलेलं. आम्ही ऑफिसात बसून ब्राँझऐवजी स्टेनलेसचा इंपेलर दिला. मोठी हुशारी केली असं वाटलं. तो एक सीझन जास्त टिकला, एवढंच.

शेवटी मी रात्रपाळीला जाऊन बसलो. तिथला फिटर डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर पडायच्या बाजूचा, व्हॉल्व्ह थोडा आवळून ठेवायचा. "असं केलं की गप बसतोय, सायेब." सकाळी सुपरवायझर आला की तो पुन्हा पूर्ण उघडायला लावायचा. फिटरकडं आलेख नव्हता, कान होता. व्हॉल्व्ह आवळला की पाणी कमी वाहतं, आणि कमी पाण्यात पंप शांत होतो. म्हणजे पंपच मोठा होता! कारखान्यानं गरजेवर 10 टक्के वाढवले, सल्लागारानं त्यावर 10, आम्ही "असू द्या" म्हणून आणखी 10. तिघांचे मिळून 33 झाले, आणि तिघांनाही एकमेकांचं माहीत नाही.

इंपेलर लेथवर चढवला आणि व्यास 5 टक्क्यांनी छाटला. वीज साधारण व्यासाच्या घनानं उतरते, त्यामुळं 14 टक्क्यांच्या आसपास तीही वाचली. नवीन पार्ट एकही नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. पंपही पुढं तिथंच बनू लागले. माझ्या मते नांगर ओतण्यापेक्षा तो शेतकऱ्याच्या हातात जाणं अवघड होतं. आमच्यात हे विसरायची पद्धत आहे. पेटंटची पाटी लॉबीत लागते, फिटरचा कान कुठं लावणार? त्या पंपाच्या रिपोर्टवरही सही माझीच आहे, त्याचं नाव नाही.

त्यानंतर आम्ही पंप मागणाऱ्या गिऱ्हाईकानं भरायच्या चौकशीच्या फॉर्मात एक रकाना वाढवला: खरी गरज किती, आणि त्यात वाढवलेलं किती. माझ्या नोकरीतला सगळ्यात उपयोगी शोध विचाराल तर हा रकाना.

आमच्या सेल्सवाल्याला तो अजिबात आवडत नाही. "साहेब, पंप लहान होतोय, बिल लहान होतंय. मी टार्गेट कसं गाठू?" त्याचंही चुकत नाही.