स्वयंपाकघराचं काम काढलं, तेव्हा आधी सांधे मोजले

आराखडा हातात आल्यावर लॅमिनेटचे रंग बाजूला ठेवले आणि लाल पेनाने फक्त सांधे खुणावले: ओटा भिंतीला भिडतो ती रेघ, सिंकची कड, शेगडीभोवतीची फट, नळाचं बूड, टाइल्समधल्या रेघा. गुळगुळीत दगड किंवा टाइल एका फडक्यात पुसली जाते, मळ साचतो तो या फटींत. म्हणून प्रत्येक खुणेपुढे दोनच प्रश्न लिहिले. हा सांधा टाळता येईल का? नसेल, तर तो कशाने भरायचा?

नळाचा सांधा सहज टळला. नळ भिंतीतून घेतला की ओट्यावर त्याच्या बुडाशी पाणी साचत नाही आणि क्षारांचा पांढरा कडाही धरत नाही. मात्र पाइप भिंतीत घालायचे असल्याने हे टाइल्स लावण्याआधीच ठरवावं लागतं.

सिंक ओट्याच्या खालून बसवलं. वरून बसवलेल्या सिंकच्या कडेला खरकटं अडतं. खालून बसवलं की ओट्यावरचं पाणी सरळ आत ढकलता येतं. यात एक बारकावा आहे. दगडाची कड सिंकच्या आत पुढे आली, तर तिच्या पोटाशी बुळबुळीत थर जमतो. तो दिसत नाही, वास मात्र येतो. त्यामुळे दगड कापण्याआधीच मिस्त्रींना सांगून ठेवलं की सिंकची कड चहूबाजूंनी ३ मिमी उघडी दिसली पाहिजे. सिंक नुसत्या चिकटपट्टीवर किंवा सिलिकॉनवर लटकवू नये, खालून ब्रॅकेटचा आधार हवाच. भरलेल्या सिंकचं वजन रोज पेलताना सांधा हळूहळू सुटतो आणि पाणी खालच्या कपाटात उतरतं. अगदी काटकोनी कोपऱ्यांचं सिंक दिसायला छान, पण त्या कोपऱ्यात घासणी पोचत नाही. १० ते १५ मिमीची गोलाई पुरते.

ओटा आणि भिंत यांच्यामधली फट ग्राउटने, म्हणजे टाइल्समधल्या रेघा भरायच्या मसाल्याने, भरायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. ते टिकत नाही. ओटा आणि भिंत दोन्ही थोडे थोडे हलतात, तेही वेगवेगळे, आणि कडक ग्राउटला तडा जातो. तिथे बुरशीरोधक सिलिकॉनच हवं, आणि दगडाजवळ न्यूट्रल प्रकारचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन संगमरवरासारख्या दगडाची कड खातं. फट स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायची, दोन्ही बाजूंना कागदी टेप लावायची, ५-६ मिमीची सलग धार सोडायची, ओल्या बोटाने एकाच ओढीत सारखी करायची आणि साय धरण्याआधी टेप काढायची. पुढे २४ तास पाणी लागू द्यायचं नाही. ओल राहिली असेल, तर महिन्याभरात कड उचलली जाते आणि मागून काळी रेघ धरते.

टाइल्स ६० बाय १२० सेंमीच्या घेतल्या, रेघा २ मिमीच्या आणि ग्राउट इपॉक्सी, म्हणजे दोन घटक कालवून घट्ट होणाऱ्या राळेचं. सिमेंटचं ग्राउट तेल पितं, मग कितीही घासा. पण इपॉक्सी लावणारा हात सरावाचा हवा. दोन घटकांचं प्रमाण अंदाजाने घेतलं तर ते चिकट राहतं किंवा नीट घट्ट होत नाही. एका वेळी थोडंच कालवायचं, आणि टाइलवरचा धूसर पापुद्रा त्याच दिवशी ओल्या स्पंजने उतरवायचा. वाळल्यावर तो उतरवणं म्हणजे शिक्षा!

कपाटं छतापर्यंत नेली. वर मोकळी जागा सोडली की तिथे तेलकट धूळ बसते आणि ती कोणी पुसत नाही. खाली १०० मिमीची पट्टी क्लिपवर ठेवली; ओढली की निघते, आतून झाडता येतं. ओटा दारांच्या २५ मिमी पुढे घेतला आणि त्याच्या पोटाला, कडेपासून थोडं आत, ५ मिमीची खाच मारून घेतली. ओघळलेलं पाणी खाचेशी थेंब होऊन खाली पडतं, दारांवर उतरत नाही. सिंकखालच्या कपाटाला पाण्यात टिकणारं प्लाय तर हवंच, शिवाय पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या कच्च्या कडाही सील करून घ्याव्यात. प्लाय फुगायला सुरुवात तिथूनच होते.

चिमणीला स्टीलची बॅफल जाळी, म्हणजे वाकवलेल्या पट्ट्यांची जाळी, घेतली. ती धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजत टाकता येते. ॲल्युमिनियमची जाळी तशी टाकली की काळवंडते.

ओटा ग्रॅनाइटचा असल्याने अधूनमधून त्यावर पाण्याचे थेंब ठेवून पाहते. दहा-पंधरा मिनिटांत खालचा दगड गडद झाला, तर सीलर, म्हणजे दगडात पाणी मुरू न देणारा लेप, पुन्हा लावायची वेळ झाली.