दंडमाफीचा रविवार

आमच्या वाचनालयाच्या ओसरीवर एक काळा फळा आहे. वरच्या बाजूला पांढऱ्या रंगात कायमचं लिहिलेलं 'आगामी कार्यक्रम', आणि खाली मी खडूने लिहीन ते. समोरच एसटी स्टँड. सावली मात्र आमच्याकडे, त्यामुळे फळ्यासमोर उभं राहणारी माणसं बहुतेक कऱ्हाडच्या गाडीची वाट बघत असतात. 19 वर्षं ग्रंथपाल म्हणून काम करतेय. फळा वाचून कोणी कार्यक्रमाला आलं असं फारसं आठवत नाही.

वर्षाचा क्रम ठरलेला. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, 23 एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, 12 ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, 14 ते 20 नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह. प्रत्येक वेळी फोटोला हार, एक नारळ, एक वक्ता, शाळेची तीसेक मुलं आणि शेवटी चहा. आमचा फोटो काढायचा तो बॅनरवरची तारीख दिसेल असा, कारण तो अहवालाला जोडायचा असतो. मुलं दर वेळी तीच. त्यांतल्या एकीने मला ऑगस्टात हळूच विचारलं, "मॅडम, ह्ये आजोबा सारखं सारखं बदलत्यात का?" कलाम, कुसुमाग्रज, रंगनाथन – तिच्या हिशेबी टेबल एकच होतं आणि त्यावरचे आजोबा तेवढे बदलत होते.

2023 चा ग्रंथालय सप्ताह नेमका दिवाळीत आला. 14 ला पाडवा, 15 ला भाऊबीज. शाळांना सुट्टी, म्हणजे हुकमी तीस मुलंही नाहीत. सप्टेंबरातल्या कार्यकारिणीच्या सभेत मी म्हटलं, या वेळी वक्ता राहू दे, एक दिवस दंडमाफी ठेवू.

यामागे माझं साधं गणित होतं. देवघेव नोंदवहीत 212 पुस्तकं थकीत दिसत होती. आमचा दंड दिवसाला 50 पैसे. ऐकायला काहीच नाही, पण पुस्तक सहा वर्षं घरात राहिलं की हजाराच्या वर जातो, आणि अनामत असते 200 रुपये. माणूस पहिल्या महिन्यात आळस करतो, तिसऱ्या महिन्यात लाजतो, आणि वर्षानंतर आमच्या रस्त्याने जायचंच सोडतो. मला असे चार जण माहीत आहेत जे बाजारातून घरी जाताना मारुतीच्या देवळाला वळसा घालतात. शासनाने 2022 मध्ये अनुदान 60 टक्क्यांनी वाढवलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पण वाढीव अनुदानातून नवी पुस्तकं आणायची आणि जुनी लोकांच्या माळ्यावर पडू द्यायची, हे मला पटत नव्हतं.

एका सदस्यांनी कडाडून विरोध केला. "मग जो येळेवर आणून देतो त्यानं काय पाप केलंय?" प्रश्न चुकीचा नव्हता. मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही. पण अध्यक्षांना चहा गार व्हायच्या आत सभा संपवायची होती, ठराव मंजूर झाला.

दिवस ठरला रविवार, 19 नोव्हेंबर. दिवाळीला आलेली पुण्या-मुंबईची मंडळी अजून गावात असतील, तुळशीचं लग्न व्हायचंय म्हणजे लग्नाचे मुहूर्त नाहीत, बाजाराचा वार नाही. संध्याकाळी 5 ला एक कथाकथनकार बोलावले. इतका विचार करून तारीख काढल्याचं मला फार समाधान वाटलं होतं.

भाऊबीजेच्या रात्री वानखेडेवर भारताने न्यूझीलंडला हरवलं आणि माझा रविवार गेला. विश्वचषकाचा अंतिम सामना, अहमदाबादला, दुपारी 2 पासून. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत कथाकथनकारांचा फोन. "बाई, रविवारी घशाला जरा त्रास होईलसं वाटतंय." गुरुवारी सकाळी रविवारचा घसा कळणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

कार्यक्रम पुढे ढकलायचं जवळजवळ ठरलं होतं. तोडगा काढला अभ्यासिकेतल्या पोरांनी. आमच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी सहापासून बसतात. ती आमची पुस्तकं फारशी वाचत नाहीत, स्वतःची आणतात, आमचा फक्त पंखा आणि शांतता वापरतात. माझं त्यांच्याशी जरा भांडणच आहे. त्यांतला एक खाली आला. "मॅडम, हॉलमध्ये मॅच लावू की. पुस्तक आणील त्याला खुर्ची, बाकीच्यांना सतरंजी."

मी कार्यवाहांकडे बघितलं. कार्यवाह म्हणाले, "टीव्ही माझ्या घरचा घ्या."

फळ्यावर मी लिहिलं ते जसंच्या तसं सांगते: 'रविवार दि. 19. थकीत पुस्तके परत करा, दंड माफ, कारण विचारले जाणार नाही. दुपारी 2 पासून सभागृहात अंतिम सामना. पुस्तक आणणाऱ्यास खुर्ची.' त्या संध्याकाळी एक कंडक्टर गाडी उभी करून खाली उतरला आणि फळ्याचा फोटो काढून गेला.

रविवारी सकाळी साडेनऊला कुलूप काढायला गेले तर कडीला खताची रिकामी पिशवी लटकवलेली. आत आमची नऊ पुस्तकं, चांगली पुसून, दोरीने बांधून. चिठ्ठी नाही. अशा वेळी दाखल क्रमांक बघून देवघेव वहीत नाव शोधणं दोन मिनिटांचं काम. 'कारण विचारले जाणार नाही' असं लिहिलं होतं, नाव शोधणार नाही असं कुठे लिहिलं होतं? शोधलं. सापडलं. सांगत नाही. एवढंच म्हणते, की सप्टेंबरच्या सभेत त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मग दहापासून माणसं येत राहिली. कोणाच्या पुस्तकात एसटीचं तिकीट, कोणाच्या पुस्तकात लग्नाच्या याद्या, एकात सोसायटीच्या कर्जाची पावती. ती मी परत दिली तर बाई म्हणाल्या, "ही हुडकून हुडकून आमच्या घरात भांडणं झाली की ओ!" एका सूनबाईंनी सासूबाईंच्या कपाटातली सहा पुस्तकं आणली. सासूबाई वारून चार वर्षं झाली होती. टेबलावर ठेवताना त्यांनी एक पुस्तक मागे ओढलं, "हे वाचून झालं नाही माझं, नावावर लिहा," म्हणाल्या, आणि तिथेच सभासद झाल्या. एका काकांनी मोठ्या ऐटीत दोन पुस्तकं आणून दिली, ती शेजारच्या तालुक्याच्या वाचनालयाची निघाली. मी म्हटलं, "काका, ही आमची नव्हेत." काका म्हणाले, "मग खुर्ची न्हाई व्हय?" दिली.

मला खरा घाम फुटला तो निर्लेखित पुस्तकांमुळे. निर्लेखन म्हणजे गहाळ, फाटकी पुस्तकं ठराव करून यादीतून काढून टाकणं. 2016 साली आम्ही असा एक मोठा ठराव केला होता, दाखल नोंदवहीत त्या क्रमांकांवर लाल शाईची रेघ. आता त्यातली 17 पुस्तकं टेबलावर येऊन बसली. कागदोपत्री मेलेली माणसं दारात उभी राहावीत तसं. लाल रेघ खोडायची तर खाडाखोड, नाही खोडायची तर पुस्तक कपाटात बेवारशी. शेवटी मी त्यांना नवे दाखल क्रमांक दिले आणि 'कसे मिळाले' या रकान्यात लिहिलं, 'भेट'. आपलंच पुस्तक आपल्याला भेट. दुसरा मार्ग माहीत असलेल्या ग्रंथपालांनी मला जरूर सांगावा.

दोन वाजता हॉल भरला. साठ खुर्च्या, साठही गेल्या, सतरंज्याही. रोहित शर्मा मारत होता तोवर मला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. दहा षटकांत 80. रोहित 47 वर गेला, पाठोपाठ श्रेयस अय्यर. आणि मग ज्यांनी तो सामना पाहिलाय त्यांना आठवत असेल, जवळपास सोळा षटकं एकही चौकार नाही. एक धाव, दोन धावा, पुन्हा एक. कोहली आणि राहुल खेळत होते, पण हॉलमध्ये माणसं खुर्चीत चुळबुळ करायला लागली. कोणी तंबाखू मळायला बाहेर गेलं. आणि काहीजण उठून कपाटांशी गेले.

आमचं वाचनालय मुक्तद्वार आहे, म्हणजे कपाटातलं पुस्तक ज्याने त्याने स्वतः काढून बघावं, पण लोक कपाटाला हात लावत नाहीत, टेबलापाशी उभं राहून "काय तरी चांगलं द्या" म्हणतात. त्या सोळा षटकांत मी पहिल्यांदा बघितलं, की चाळीस-पन्नास माणसं मान वाकडी करून पुस्तकांच्या पाठी वाचतायत. एक कान टीव्हीकडे. एका शेतकऱ्याने द्राक्षाच्या छाटणीवरचं पुस्तक काढलं आणि उभ्यानेच भांडायला लागला, "ह्यो काय लिवतोय, आमच्याकडं ह्ये चालत न्हाई!" दोघं-तिघं जमले. त्यांची चर्चा इतकी चढली की टीव्हीसमोरच्यांनी त्यांना गप्प केलं. माझ्या नोकरीत वाचनालयात शांत बसायला सांगणारी मीच असायची.

याच वेळात गुरुजी आले. मला चौथीला होते, आता निवृत्त. पुस्तकाचा कोपरा दुमडला म्हणून त्यांनी मला अंगठे धरून उभं केलं होतं. मी उठून उभी राहिले. ते बसले नाहीत. पिशवीतून एक पातळ वस्तू काढून माझ्यापुढे ठेवली.

नकाशा होता. नकाशासंग्रहातलं एक पान, पृष्ठ 41-42, कडेला फाटल्याची दातेरी रेघ, आणि वरून चकचकीत लॅमिनेशन.

"सातवीत होतो," गुरुजी म्हणाले. "संदर्भाचं पुस्तक, घरी देत नव्हते. झेरॉक्स कुठलं त्या वेळी? ग्रंथपाल पान खायला बाहेर गेले आणि मी हे फाडलं."

"कशाला, गुरुजी?"

"वडील मुंबईला गिरणीत. आई सारखी विचारायची, मुंबई किती लांब हाय रं? मी दोरा लावून मोजायचो. प्रमाणावर दोरा धरायचा आणि आईला मैल सांगायचे. दर वेळी वेगळे यायचे." ते हसले नाहीत. "मग 82 चा संप झाला. वडील परत आले ते कायमचे. मोजायचं संपलं."

"मग तेव्हाच का नाही आणून दिलंत?"

"तेव्हा मी डी.एड. करत होतो. मास्तर होणाऱ्यानं कसं सांगायचं?"

मी संदर्भ कपाटातून तो नकाशासंग्रह काढला. तो आहे अजून, कोणी उघडत नाही. आतल्या पानावर जांभळा शिक्का, 'पाने अपूर्ण'. 41-42 च्या जागी दातेरी कड. गुरुजींनी लॅमिनेट केलेलं पान तिथे धरून पाहिलं. दाते दात्यांना लागले, पण प्लॅस्टिकमुळे ते बोटभर बाहेर राहिलं. हॉलमधून एकदम ओरडा आला, अखेर एक चौकार लागला होता. गुरुजी दचकले आणि पान खाली पडलं.

"दंड किती?" त्यांनी विचारलं.

"आज माफ आहे."

"पुस्तकांना माफ हाय. फळ्यावर पानांचं लिहिलेलं न्हाई." त्यांनी शंभराची नोट टेबलावर ठेवली आणि हॉलमध्ये गेले. खुर्ची देऊ केली तर घेतली नाही, सतरंजीवर पोरांत बसले. थोड्या वेळाने कोहली 54 वर त्रिफळाचीत झाला आणि सगळ्या हॉलला कोणीतरी कळ दाबून बंद केल्यासारखं झालं. अहमदाबादचं मैदानही तसंच गप्प दिसत होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. 240 सर्वबाद. ऑस्ट्रेलियाचे 47 वर तीन गेले तेव्हा पुन्हा जरा जीव आला, पण नंतर ट्रॅव्हिस हेड काही जायचं नाव घेईना. आठच्या पुढे माणसं एकेक करून उठायला लागली. जाताना टेबलाशी येत होती. हरणाऱ्या सामन्यातून मोकळ्या हाताने घरी जायचं बरं वाटत नसावं. साडेनऊला मी वही मिटली तेव्हा 83 थकीत पुस्तकं परत आली होती, 46 नवी नावावर गेली होती आणि 11 नवे सभासद झाले होते. त्या 46 पैकी काही पुढच्या दंडमाफीलाच परत येतील, याचीही मला खात्री आहे.

अहवाल लिहिताना अडले. सामना कुठल्या शीर्षकाखाली दाखवायचा? बॅनर नव्हतं, फोटोत फक्त पाठमोरी डोकी. शेवटी 'इतर उपक्रम' मध्ये एक ओळ घातली आणि रंगनाथनांचा ऑगस्टातला फोटो मोठा करून पहिल्या पानावर लावला.

नकाशाचं पान बाइंडरकडे नेलं. त्याने दोन्ही बाजूंनी वाकवून बघितलं. "ह्याला सुई लागत न्हाई मॅडम, प्लॅस्टिक चिरतंय." मग मी मागच्या पुठ्ठ्याला आतून एक खाकी पाकीट चिकटवलं, पान त्यात ठेवलं, आणि नोंदवहीच्या शेऱ्यात लिहिलं: 'पृ. 41-42 परत मिळाले.'

पुढच्या तपासणीला आलेल्या साहेबांचं बोट नेमकं त्या ओळीवर थांबलं. मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी पाकिटातून पान काढलं, उजेडात धरलं, दोन्ही बाजू पाहिल्या.

"याला दाखल क्रमांक दिलात?"

"पानाला नसतो साहेब."

त्यांनी पान परत पाकिटात सरकवलं आणि पुढचं रजिस्टर मागितलं.