ट्रिपॅनोसोमाच्या एमआरएनएचं आयुष्य मोजताना

कुठलं जनुक चालू आणि कुठलं बंद हे प्रमोटर (जनुकावरून आरएनए बनवायला सुरुवात करून देणारा डीएनएचा भाग) ठरवतो, हा पाठ ट्रिपॅनोसोमा ब्रुसेईला फारसा लागू पडत नाही. निद्रारोगाच्या या परजीवीत कितीतरी जनुकं रांगेनं एकाच लांबलचक आरएनएत उतरतात. मग स्प्लाइसिंगमध्ये, म्हणजे आरएनएच्या कापाजोडीत, त्याचे एमआरएनए (प्रथिनासाठीचे निरोप) सुटे होतात आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्याला ३९ न्यूक्लिओटाइडांचा तोच तो आरएनएचा तुकडा, स्प्लाइस्ड लीडर, आणि मागे पॉली-ए शेपूट लागतं. कोण किती टिकणार, हे मुख्यतः ३′-यूटीआर (एमआरएनएच्या मागच्या टोकाचा, प्रथिनात न उतरणारा भाग) आणि त्यावर बसणारी प्रथिनं ठरवतात.

पीजीके या ग्लुकोज फोडण्यातल्या विकराची पीजीके-बी आणि पीजीके-सी ही जनुकं अगदी शेजारी. तरी रक्तातल्या रूपात सीचा एमआरएनए भरपूर आणि बीचा नावापुरता. रोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीच्या आतड्यात नेमकं उलट. रक्तातल्या रूपात बीच्या ३′-यूटीआरमधला यू-बहुल (युरासिलनं भरलेला) भागच त्याला लवकर संपवतो. तो संपायलाही हवा, कारण बीचं प्रथिन ग्लायकोसोमात (ग्लुकोज फोडणाऱ्या विकरांच्या पेशीतल्या पिशवीत) न जाता पेशीद्रवात राहतं आणि तिथे ते या रूपाला मारक ठरतं.

अर्धायुष्य, म्हणजे एमआरएनए निम्मा व्हायला लागणारा वेळ, मोजायला नुसतं अ‍ॅक्टिनोमायसिन-डी पुरत नाही; ते फक्त लिप्यंतरण, म्हणजे जनुकावरून आरएनए बनणं, थांबवतं. लिप्यंतरण थांबलं तरी आधीच बनलेल्या लांब आरएनएचं स्प्लाइसिंग चालूच राहतं, म्हणून सुरुवातीची मिनिटं आलेख सपाट दिसतो आणि एमआरएनए उगाच टिकाऊ वाटतो. म्हणून आधी मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम सिनेफंजिन (हे स्प्लाइसिंग थांबवतं), ५ मिनिटांनी १० मायक्रोग्रॅम अ‍ॅक्टिनोमायसिन-डी. पुष्कळ एमआरएनए काही मिनिटांतच निम्मे होतात, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात नमुने दाट घ्या. तुलनेला रायबोसोमल आरएनए धरा. ट्यूब्युलिनचा एमआरएनए नको, तोही झिजतच असतो. रक्तातल्या रूपाचं कल्चर मिलिलिटरला १० लाख पेशींच्या आतच ठेवा. गर्दी झाली की पेशींचा सगळा नूर बदलतो आणि मोजमाप गर्दीचंच होतं.

रिपोर्टरमागे (सहज मोजता येणाऱ्या प्रथिनाच्या जनुकामागे) यूटीआरचे तुकडे लावताना हमखास फसगत होते ती वेगळीच. पॉली-ए शेपूट कुठे लागायचं हे पुढच्या जनुकाच्या स्प्लाइसिंगच्या जागेवरून ठरतं. तिथला पिरिमिडीन-बहुल (यू आणि सी यांनी भरलेला) पट्टा हलला की शेपूट भलतीकडेच लागतं, आणि तपासायचा यूटीआर बाजूलाच राहतो. ३′-रेसनं (एमआरएनएचं मागचं टोक शोधणाऱ्या चाचणीनं) टोक पाहिल्याशिवाय त्या निकालावर माझा तरी विश्वास नाही.

मलेरियाच्या प्लास्मोडियममध्ये मात्र टिकाऊपणावरून प्रथिनाचा अंदाज बांधू नये. मादी गॅमेटोसाइटात (डासात जाणाऱ्या लैंगिक रूपात) पी२५, पी२८ या प्रथिनांचे एमआरएनए डोझी नावाच्या प्रथिनासोबत शाबूत, पण मुके पडून असतात. भाषांतर, म्हणजे त्यांवरून प्रथिन बनणं, सुरू होतं ते डासाच्या पोटात गेल्यावर. तिथे अर्धायुष्याऐवजी पॉलिसोम (एमआरएनएवर बसलेले, प्रथिन बनवणारे रायबोसोम) बघावेत.