माळ घालून तुम्ही तिथं कशाला जाता?

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. एकादशी चुकवत नाही, आषाढी वारीत लोणंद ते फलटण माउलींच्या पालखीबरोबर चालते. आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका घराच्या गच्चीवर, देव नाही असं मानणाऱ्या पंधरा-वीस माणसांत जाऊन बसते. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो, असं मला गेली कितीतरी वर्षं विचारतात. भजनी मंडळातल्या बायका विचारतात. विहीणबाईंनी तर लग्न ठरायच्या आधीच विचारलं होतं. गच्चीवर नव्यानं येणारी पोरंही विचारतात, "काकू, तुम्ही इथं कशा?" प्रत्येकाला जाता-येता काहीतरी सांगून मी वेळ मारून नेते. पण परवा मंडळातल्याच एकीनं हात धरून खाली बसवलं आणि म्हणाली, "खरं सांग, पांडुरंगावरचा विश्वास उडालाय का तुझा?" तिच्या डोळ्यांत काळजी होती. तेव्हा आज नीट सांगते.

विश्वास उडालेला नाही. पण हे सांगायचं तर मांढरदेवीपासून सुरुवात करावी लागेल.

२५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा, काळूबाईची यात्रा. आमचं गाव लोणंदच्या बाजूचं. घरातलं कुणी ना कुणी दरवर्षी वाई तालुक्यातल्या त्या डोंगरावर जायचंच. त्या वर्षी माझी काकू गेली, सोबत तिची सून, लग्नाला वर्षही न झालेली. पुढं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, माणसं घसरली, वरची खालच्यांवर पडली. मग दुकानं पेटली, गॅसच्या टाक्या फुटल्या. तीनशेच्या आसपास माणसं गेली. काकू त्यांत गेली. वहिनी वाचली, उजव्या दंडावर भाजल्याची खूण घेऊन.

तेराव्यापर्यंत लोक म्हणत होते, देवीच्या दारात मरण आलं, पुण्यवान बाई. तेराव्यानंतर बोलणं बदललं. एवढी माणसं जातात म्हणजे देवीचा कोपच. कोप कशानं? कुठं बकऱ्याचा मान राहिला, कुठं नवस फेडायचा राहिला, असं ज्याच्या-त्याच्या घरात ज्याचं-त्याचं कारण निघालं. आमच्या घरात निघालं ते वहिनीच्या नावानं. ती विटाळात वर गेली असणार. तोंडावर कुणी म्हटलं नाही. पण नवरात्रात घट बसले की तिला आत बोलवेनात. ती स्वतःच उंबऱ्याबाहेर उभी राहायला लागली. मला एकदा म्हणाली, "ताई, मी तारखा मोजून बघितल्या. मला वाटतं, नव्हतेच. पण आता खात्री वाटत नाही." तारखा मोजून मोजून त्या पोरीला स्वतःचीच खात्री राहिली नव्हती.

मी काय केलं? गप्प बसले. मी प्राथमिक शिक्षिका, चौथीच्या पोरांना बाष्पीभवन शिकवते. विटाळानं तीनशे माणसं मरत नाहीत हे मला कळत होतं. पण मग कशानं मेली, हे काही मला सांगता येत नव्हतं. रोज हरिपाठ म्हणताना पांडुरंगाला विचारायची, का? उत्तर आलं नाही. आणि हा प्रश्न मंडळात काढला तर बायका म्हणायच्या, असं विचारू नये.

मग २०१३ साल आलं. त्या वेळी आमच्या मंडळात बोलणं होतं की जादूटोणाविरोधी कायदा आला तर वारी बंद करणार, भजन-कीर्तनावर पोलीस बसवणार. विरोधाचं निवेदन फिरत होतं. मी न वाचता सही केली. आणि २० ऑगस्टला सकाळी पुण्यात, याच कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. डॉक्टर आमच्या साताऱ्याचे. त्यांना साताऱ्यात आणलं तेव्हा मीही त्या गर्दीत होते. त्यांनी देहदान ठरवून ठेवलं होतं, पण शवविच्छेदन झाल्यामुळं ते होऊ शकलं नाही. कुठलेही विधी न करता मुलीनं अग्नी दिला. ज्या माणसाला मी कधी ऐकून घेतलं नाही त्याच्याविरुद्ध मी सही केली होती, एवढंच डोक्यात फिरत होतं. आठवड्याच्या आत अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला.

माझ्या शाळेतले एक सर गच्चीवरच्या बैठकीला जायचे. त्यांना म्हटलं, मला तो कायदा वाचायचा आहे. ते म्हणाले, रविवारी या. एक गोष्ट इथं सांगून ठेवते, कारण ती मलाही आधी माहीत नव्हती. दाभोलकरांनी १९८९ मध्ये काढलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माच्या विरोधात नव्हती, देवाच्या नावानं होणाऱ्या लुबाडणुकीच्या विरोधात होती. गच्चीवरची मंडळी वेगळी. ती देवच मानत नाहीत. दोन्हींना एकाच मापानं मोजू नये.

त्या दिवशी त्यांनी कायद्याचा छापील कागद माझ्या हातात दिला आणि कुणी काही बोललं नाही. मी सतरंजीवर बसून शेवटपर्यंत वाचला. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू होत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि गुन्हा काय ठरवलाय? साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करत बसणं. भूत उतरवतो म्हणून माणसाला मारहाण करणं. यातलं एकसुद्धा माझ्या विठ्ठलाचं नाही.

चहा झाला. सगळ्यांनी आपापली ओळख सांगितली. माझी पाळी आली तेव्हा मी काकूचं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. कोपाचं, विटाळाचं, वहिनीचं, सगळंच बाहेर पडलं. मला वाटलं, आता म्हणतील, बघा, तुमची देवी! कुणी तसं म्हटलं नाही. कोपऱ्यात बांधकाम खात्यातून रिटायर झालेले एक ओव्हरसियर बसले होते. त्यांनी विचारलं,

"पायऱ्या किती रुंद होत्या?"

मी म्हटलं, "काय?"

"पायऱ्या. दोघं जातील एवढ्या की चौघं? आणि उतरायला वेगळी वाट होती का चढायचीच?"

मला सांगता येईना. कितीदा चढले असेन त्या पायऱ्या, पण बघितल्या नव्हत्या. त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे पेन्सिलनं आकृती काढली. अरुंद वाट, दोन्ही बाजूला दुकानं, वर देऊळ, दर्शन झालेली माणसं खाली येताहेत, खालची वर रेटताहेत, मध्ये ओल्या पायऱ्या. एक माणूस घसरला की मागच्याला थांबता येत नाही, कारण त्याच्या मागं ढकलणाऱ्याला पुढचं दिसतच नाही. "इथं," त्यांनी एका जागी फुली मारली, "इथं कुणीही असतं तरी पडलंच असतं. तुमची काकू, तुम्ही, मी." पुढं न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगानं या दुर्घटनेची चौकशी केली, त्याबद्दलही त्यांनीच मला सांगितलं.

ती लग्नपत्रिका घेऊन मी गावी गेले. वहिनी भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उतरवून तिनं हात पुसले, पत्रिका उलटसुलट करून बघितली. मी ओव्हरसियरांनी सांगितलं तसं सगळं सांगितलं. तिनं फुलीवर बोट ठेवलं.

"म्हणजे पायऱ्या ओल्या होत्या म्हणून?"

"हो."

"आणि गर्दी."

"आणि गर्दी."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग परातीतल्या पिठाकडे बघत म्हणाली, "मग देवीनं नाही मारलं त्यांना." मला हे सुचलंच नव्हतं. आठ वर्षं मी वहिनीवरच्या आळाचा विचार करत होते, आणि ती देवीवरच्या. आम्ही भक्तांनीच काळूबाईवर तीनशे माणसांच्या जिवाचा आळ घातला होता. तो पुसला देव न मानणाऱ्या एका माणसानं, पेन्सिलनं. पुढच्या पौषात वहिनी २००५ नंतर पहिल्यांदा मांढरदेवीला गेली. मी बरोबर होते. तिनं ओटी भरली आणि खूप रडली.

मी तिथं का जाते, याचं उत्तर खरं तर इथंच संपतं. पण तुम्ही "तिथं बाकीचे माळकरी कशाला येतात" असंही विचारता, तेव्हा थोडं त्यांच्याविषयीही.

अपशिंग्याचे एक रिटायर्ड सुभेदार येतात. ते भांडायला येतात आणि तसं उघड सांगतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, तुम्हाला देव मानायला लावल्याशिवाय मी यायचा थांबणार नाही. अजून येताहेत. एकदा बैठकीत भगतसिंगांचा नास्तिकतेवरचा लेख वाचला, १९३० साली लाहोरच्या तुरुंगात लिहिलेला. त्याच्यामागची हकीकत अशी, की गदर चळवळीतले भाई रणधीरसिंग, स्वतः तुरुंगवास भोगलेले आणि फार श्रद्धाळू, त्या तुरुंगात भगतसिंगांना भेटले. देवाचं पटवून देऊ लागले. पटेना तेव्हा चिडले. प्रसिद्धीनं तुझं डोकं फिरलंय, अहंकार झालाय तुला, असं म्हणाले. त्या बोलण्याला उत्तर म्हणून तो लेख झाला. वाचन संपल्यावर सगळे सुभेदारांकडे बघायला लागले, कारण रणधीरसिंगांच्या जागी ते बसले होते. सुभेदार म्हणाले, "भेटायला गेले ते बरोबर केलं. रागवायला नको होतं. फाशी समोर दिसणाऱ्या पोरावर कोण रागावतं?" त्या दिवसापासून त्यांचा आवाज एक पट्टी खाली आलाय. मत तेच आहे.

कोरेगावहून एक बाई येतात, त्यांचं कारण आणखी वेगळं. मुलगा गणपतीच्या आरतीला उभा राहत नाही. बिघडला की काय, या धास्तीनं त्या आल्या. पहिल्यांदा त्यांनी एकच विचारलं होतं, "तुमच्यात कुणी गेलं तर तुम्ही काय करता?" ज्यांना विचारलं त्या गृहस्थांचे वडील नुकतेच गेले होते. ते म्हणाले, देहदान केलं, दहावं-तेरावं काही केलं नाही, वडिलांची पुस्तकं त्यांच्या शाळेला दिली. "आणि संध्याकाळी?" बाईंनी विचारलं. त्यांना कळेना. "संध्याकाळी घरात काय करता? आमच्यात तेरा दिवस माणसं येऊन बसतात." गृहस्थ म्हणाले, तेवढं मात्र जड गेलं, कुणी आलं नाही. बाई दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बसून आल्या. तिसऱ्या दिवशी मीही गेले.

सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. वारीला कुणी नुसतं झुंडीचं मानसशास्त्र म्हटलं तर मला राग येतो आणि मी तो दाखवते. चांदोबाच्या लिंबाजवळ उभ्या रिंगणात अश्व धावून गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं, हे न चालता कळत नाही. मी त्यांना म्हणते, पायऱ्यांची रुंदी विचारता तशी हीही गोष्ट जवळ येऊन बघा. दोघं जण एका वर्षी लोणंदपासून तरडगावपर्यंत चालले. देव मानायला लागले नाहीत, पण झुंड हा शब्द त्यांनी सोडला.

एकदा एका तरुण मुलानं अंगात येणाऱ्या बाईची नक्कल केली. सगळे हसले, मी उठायला लागले. तेवढ्यात त्यांच्यातल्याच एका वयस्क बाईंनी त्याला थांबवलं. म्हणाल्या, "देवी अंगात येते तेवढ्या वेळच तिचं घर तिचं ऐकून घेतं. एरवी तिला कोण विचारतं? हसण्याआधी तिच्या घरी जाऊन ये." त्या बाई देव मानत नाहीत. पण अंगात येणाऱ्या बाईविषयी एवढ्या मायेनं बोललेलं मी आमच्या मंडळातही ऐकलं नव्हतं.

गांधीजींकडे सेवाग्रामला आंध्रचे गोरा म्हणून एक नास्तिक कार्यकर्ते यायचे. अस्पृश्यता मोडायचं काम दोघांचंही. माझी आस्तिकता बरोबर किंवा तुमची नास्तिकता चूक, असं मला म्हणता येणार नाही, आपण दोघंही सत्य शोधतोय, या अर्थाचं गांधीजी त्यांना म्हणाले होते. हे मला गच्चीवरच कळलं. आमच्याकडच्या प्रवचनांत गांधीजींचं रामनाम ऐकलं होतं, गोरा कधी ऐकले नव्हते.

तर मैत्रिणी, तू हात धरून विचारलंस म्हणून एवढं लिहिलं. माळ आहे तिथंच आहे. तुला यायचं असेल तर येत्या दुसऱ्या रविवारी चार वाजता ये. एकादशी आली तर त्यांना आधी सांगायचं, ते शेंगदाणे आणि केळी ठेवतात. घराचा जिना बाहेरून आहे आणि अरुंद आहे, पावसात निसरडा होतो. कठड्याला धरून ये, आणि कुणी उतरत असेल तर त्याला आधी खाली येऊ दे.