व्हरांड्यातली कोंबडी

बुधवार, रात्रीचे साडेनऊ. कुमी, पूर्व युगांडा.

वीज गेलीये. मोबाईलच्या उजेडात लिहितेय. गेस्टहाऊसच्या व्हरांड्यात खुर्चीच्या पायाला एक कोंबडी बांधलीये आणि तिचं काय करायचं यावर आमच्या सात जणांचं अजून एकमत नाही. कोंबडी माझी. म्हणजे आज मला मिळालेली.

सकाळी धूळ उडवत शाळेत पोचलो तर पोरं ओळीनं उभी. "योगा! योगा नोई!" आमच्यातला एक जण चक्क माझ्याकडे वळला, की हे तुमच्याकडचं ना? इथं तेसो लोकांत योगा म्हणजे नमस्कार. इंग्लंडातल्या आमच्या चर्चमधून, स्पॉन्सर केलेल्या मुलांना भेटायला आलेल्या या टीममध्ये मी एकटीच भारतीय, त्यामुळे अशा शंकांचं खातं माझ्याकडे.

स्वागतगीत, भाषणं, पुन्हा गीत. पहिल्या रांगेतली मुलं गाताना आमच्याकडे बघतच नव्हती, कडेला उभ्या असलेल्या बाईंकडे बघत होती. ती नजर मी ओळखते. १९८४ साली नगर जिल्ह्यातल्या एका बोर्डिंगात मी अशीच पहिल्या रांगेत होते. आईबाप ऊसतोडीला, माझा खर्च जर्मनीतलं एक जोडपं करायचं. वर्षातून दोनदा आभाराचं पत्र. मजकूर फळ्यावर तयार असायचा, ‘देवाच्या कृपेने मी सुखरूप आहे’, खाली आपापलं नाव घालायचं. एकदा मी मध्येच लिहिलं की आमची शेळी मेली. बाईंनी ती ओळ खोडली. एवढ्या लांब वाईट बातमी कशाला? पार्सल आलं की ते धरून फोटो, मग पार्सल सगळ्यांच्या कपाटात. बाईंचंही चूक नव्हतं म्हणा, शंभर पोरींत एकीलाच स्वेटर कसा देणार? पण तो निळा स्वेटर दहा मिनिटं माझ्या अंगावर होता, ती दहा मिनिटं काही केल्या विसरत नाही.

आणि तरी, ते जोडपं नसतं तर मी आज नर्स नसते, कोयता घेऊन फडात असते. त्यामुळे ‘स्पॉन्सरशिप म्हणजे निव्वळ दिखावा’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. आणि आज आमच्या लोकांनी पिशव्या वाटून "जरा वर धरा, हसा" सुरू केलं तेव्हाही आला. पाण्याची बाटली आणायच्या निमित्तानं गाडीकडे सटकले. बोलायला हवं होतं. नाही बोलले.

मी स्पॉन्सर करते ती मुलगी अकरा वर्षांची, पाचवीत. चार वर्षं तिचा फोटो माझ्या फ्रिजवर आहे. समोर आली, वाकून हात मिळवला आणि मग माझ्या मागे कुणीतरी शोधायला लागली. बाईंना हळूच काहीतरी विचारलं. बाई सांगेनात. खूप खोदल्यावर कळलं: "यांचं दुकान कुठलं?"

बरोबर आहे तिचं. १९७२ साली ईदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. पुढं नव्वदच्या दशकात काही जण परतले. गावातल्या पोरांना भारतीय माणूस दिसतो तो तालुक्याच्या ठिकाणी गल्ल्यावर बसलेला. मुहिंदी, म्हणजे भारतीय माणूस, म्हटलं की दुकान. पत्रावर पत्ता इंग्लंडचा, तेव्हा तिच्या मनातली मी गोरी. माझा फोटो मी कधी पाठवलाच नव्हता, हे मला आज दुपारी सुचलं.

तिच्या घरी जाताना वाटेत हापसा लागला. पिवळे कॅन रांगेत. मी थबकले, तोच दांडा, वर खाली होताना साखळीचा तोच खडखडाट. इंडिया मार्क टू! इथं यू-टू म्हणतात. सत्तरच्या दशकात हा पंप तयार झाला तो सोलापूरच्या पंपावरून, आणि त्याच्याही आधी जालन्याच्या मिशनवाल्यांनी तसाच एक बनवला होता. जालन्याचा हापसा तेसोत, माझ्याआधी कितीतरी वर्षं पोचलेला. मी उत्साहानं हापसायला लागले तर पोरगी हसली, दांडा हातातून घेतला आणि दाखवलं: घाई करायची नाही, पूर्ण खाली न्यायचा. वीस लिटरचा कॅन तिनं डोक्यावर घेतला. मी दोन्ही हातांनी उचलून दहा पावलं चालले आणि ठेवला.

अंगण लख्ख झाडलेलं. आजीनं आताप वाढलं, नागली आणि कसाव्याच्या पिठाचा उकडीसारखा घट्ट तपकिरी गोळा, सोबत शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी. नागली मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतलीच, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. चव घशाखाली गेली आणि अकोल्याची आत्या आठवली. आमच्यातले दोघं नुसतं चिवडत बसले होते.

बोलता बोलता आजी म्हणाली, गेल्या पावसात दोन शेळ्या गेल्या. पत्रात तर ‘पाऊस आला, सगळे मजेत’ एवढंच होतं. पोरीनं झटकन बाईंकडे पाहिलं. तेव्हा मी माझ्या शेळीचं सांगितलं, खोडलेल्या ओळीसकट. बाई भाषांतर करता करता हसायला लागल्या, जरा ओशाळून. आजी तर पोट धरून. पोरगी तेवढी हसली नाही. तिनं विचारलं, "नाव काय होतं?"

चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. चंपी, म्हटलं. तिनं दोनदा म्हणून पाहिलं.

निघताना आजीनं पाय बांधलेली कोंबडी माझ्या हातात दिली. टीमलीडरचा चेहरा पडला. म्हणे, गरिबांकडून कशी घ्यायची, उद्या पाळकांच्या हाती परत पाठवू. मी सरळ सांगितलं, अजिबात नाही. मिशनच्या डॉक्टरबाईंना आई पदराआडून चार अंडी द्यायची. बाईंनी ती परत केली असती तर आई पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढली नसती.

आत्ताच स्वयंपाकी येऊन विचारून गेला, उद्या हिच्याबरोबर भात करू की आताप?

आताप, म्हटलं.